सहा जागा आणि सहाही वेळा तोच निकाल: सांता क्लाराची वोटिंग राइट्स केस

आमच्या शेजारचे काका मूळचे साताऱ्याचे. सिटिझन होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. मी अजून एच-वन-बी व्हिसावर लटकलेला, त्यामुळे मत द्यायचा प्रश्नच नाही. इलेक्शनच्या आधी त्यांच्या घरी पोस्टाने मतपत्रिका येते आणि ते चहा ठेवून डायनिंग टेबलवर ती भलीमोठी कागदं पसरतात, राष्ट्राध्यक्षापासून ते शाळेच्या बोर्डापर्यंत सगळी नावं, शेवटी कुठलातरी टॅक्स वाढवायचा की नाही तेही तुम्हीच सांगा. २०१६ला मी पहिल्यांदा ती मतपत्रिका जवळून बघितली. सिटी कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या सभागृहाच्या, रकान्यावर बोट ठेवून काका म्हणाले, "हे बघ, इथे दरवेळी आपल्यातलं कोणीतरी उभं राहतं आणि दरवेळी पडतं, मी इमानदारीत गोल काळा करतो आणि पाकीट टाकून येतो."

मी तेव्हा सोडून दिलं. म्हटलं उमेदवारच कच्चे असतील, आपल्या लोकांना प्रचार कुठे जमतो. दीड वर्षात याच रकान्यावरून शहरावर केस उभी राहिली आणि कोर्टाने अख्खी निवडणूक पद्धतच बदलायला लावली. त्या केसचं हे सविस्तर टिपण आहे. मी वकील नाही, पण सगळं बऱ्यापैकी वाचून काढलंय, कारण राहतो तिथलीच गोष्ट होती.

आधी शहराविषयी. सांता क्लारा म्हणजे अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीतलं सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं शहर, इंटेलचं आणि एनव्हिडियाचं हेडक्वार्टर इथेच, २०१४पासून फॉर्टीनाइनर्स या फुटबॉल टीमचं लिव्हाइज स्टेडियम पण इथेच. केसच्या काळात लोकसंख्येत आशियाई वंशाचे जवळपास ४० टक्के, म्हणजे भारतीय, चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी, कोरियन, जपानी सगळे धरून. पण त्यात माझ्यासारखे व्हिसावाले आणि ग्रीन कार्डवाले मोजलेत. मत देऊ शकणाऱ्या प्रौढ सिटिझन लोकांत हे प्रमाण साधारण ३० टक्क्यांवर यायचं, गोरे तिथे साधारण निम्मे. शहराचा कारभार कसा चालायचा ते ठरवणारी सनद, म्हणजे चार्टर, १९५१ सालची. तेव्हापासून केस कोर्टात उभी राहीपर्यंत सिटी कौन्सिलवर एकही आशियाई वंशाचा माणूस निवडून आलेला नव्हता. एकही नाही! कुठलं आडगाव असतं तर गोष्ट वेगळी, इथे इडलीचं पीठ कोपऱ्यावर मिळतं.

आता यात कोणी कोणाचं मत अडवलेलं नव्हतं, हे लक्षात घ्या. आपण मतदानाच्या हक्काचं म्हणतो तेव्हा डोक्यात येतं ते यादीत नाव नसणं, बूथ लांब असणं, दमदाटी. इथे तसलं काही नाही. सगळ्यांची नावं यादीत, मागेल त्याला मतपत्रिका घरपोच. घोळ होता तो मतं मोजायच्या पद्धतीत.

कौन्सिलवर मेयर सोडून सहा मेंबर. या सहा जागांना वॉर्ड नव्हते, नुसते नंबर होते. उमेदवाराने एक नंबर निवडायचा, त्या नंबरच्या सीटला उभं राहायचं आणि अख्ख्या शहराने मत द्यायचं. पुण्यातल्या माणसाला हे लगेच कळेल. आपल्याकडे चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा असतात आणि प्रभागातला प्रत्येक मतदार चारही जागांसाठी वेगवेगळं बटण दाबतो, तसंच हे, फक्त इथे अख्खं शहर म्हणजे एकच प्रभाग. आणि आरक्षण नाही. हा फरक मोठा आहे, त्यावर पुढे येतो.

या पद्धतीने काय होतं ते सोसायटीच्या उदाहरणाने सांगतो. समजा सहा विंगची सोसायटी, प्रत्येक विंगला १०० मेंबर, एकूण ६००. त्यातले ४२० जुने आणि १८० रिडेव्हलपमेंटनंतर आलेले नवीन. नव्यांचं दुखणं पाण्याच्या प्रेशरचं, जुन्यांचं पार्किंगचं. कमिटीवर सहा जण घ्यायचेत. आता प्रत्येक जागेसाठी सगळ्या ६०० जणांनी मत द्यायचं ठरलं आणि लोक आपापल्या गटाला धरून राहिले, तर पहिल्या जागेला ४२० विरुद्ध १८०, दुसऱ्या जागेला ४२० विरुद्ध १८०, असं सहा वेळा. ३० टक्के लोक आणि कमिटीवर शून्य. तेच विंगवार निवडून द्यायचं म्हटलं आणि नवीन मेंबर एफ विंगमध्ये ७०, ई विंगमध्ये ६० आणि बाकीचे ५० इकडेतिकडे विखुरलेले असले, तर ई आणि एफचे दोन जण नव्यांचे येतात. माणसं तीच, मतं तीच, फक्त मोजायची चौकट बदलली. आणि यात जुने लोक वाईट असायची गरज नाही, त्यांनी फक्त ओळखीच्या माणसाला मत दिलं, जसं आपण सगळेच देतो.

अमेरिकेत मतदानाच्या हक्काचा केंद्रीय कायदा १९६५चा. त्याच्या कलम २ खाली अशा पद्धतीला आव्हान देता येत होतंच. पण सुप्रीम कोर्टाने १९८६च्या थॉर्नबर्ग विरुद्ध जिंगल्स या केसमध्ये अटी घातल्या आणि त्यातली पहिलीच अट अशी की तुमचा गट इतका मोठा आणि एका जागी दाटीने राहणारा पाहिजे की एका वॉर्डात तो बहुमतात बसेल. जिथे वस्ती मिसळलेली आहे तिथे केस पहिल्याच पायरीवर अडकते. कॅलिफोर्नियातली बरीच शहरं तशीच आहेत, एका गल्लीत गुजराती, मेक्सिकन, फिलिपिनो, आयरिश सगळे.

म्हणून कॅलिफोर्नियाने स्वतःचा कायदा केला, कॅलिफोर्निया वोटिंग राइट्स अॅक्ट. नावात २००१ आहे, गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांची सही २००२ची आणि अंमल २००३पासून. असा राज्याचा कायदा करणारं हे पहिलंच राज्य. यात ती दाटीवाटीची अट काढून टाकली. दाखवायचं मुख्यतः एवढंच की अख्ख्या शहराने मिळून निवडून द्यायची पद्धत आहे आणि मतदान वांशिक गटांप्रमाणे फाटतंय, म्हणजे एका गटाला हवा असलेला उमेदवार बाकीचे मिळून पाडतायत. कोणाच्या मनात काळंबेरं होतं हे सिद्ध करायची गरज नाही. आणि कायद्याची खरी ताकद शेवटच्या ओळीत आहे, केस करणारे जिंकले तर त्यांच्या वकिलाची फी शहराने भरायची, शहर जिंकलं तर मात्र केस करणाऱ्यांकडून फी सहसा मागता येत नाही, केसच पोकळ असेल तर वेगळं.

ही फीची ओळ किती चालली बघा. मोडेस्टो शहराने कायदाच घटनाबाह्य आहे म्हणून भांडण केलं, २००६ला अपील कोर्टात हरलं आणि समोरच्या वकिलांना ३० लाख डॉलर देऊन मोकळं झालं. पामडेल शहर, लॉस एंजेलिसच्या वरच्या वाळवंटातलं, निम्म्याहून जास्त लोक लॅटिनो आणि तोवर कौन्सिलवर पोचलेला लॅटिनो माणूस एक, त्यांनीही कोर्टात शेवटपर्यंत ताणलं आणि २०१५ला ४५ लाख डॉलरवर तडजोड केली. त्यानंतर वकिलाचं नुसतं पत्र आलं तरी शहरांच्या पोटात गोळा यायला लागला. २०१७पासून तर कायद्यातच सोय केली, पत्र आल्यावर ४५ दिवसांत वॉर्ड करायचा ठराव केला आणि पुढच्या ९० दिवसांत वॉर्ड पाडले तर केस होत नाही, खर्चही ३० हजार डॉलरच्या आसपास गोठवलेला. ढीगभर शहरांनी मुकाट्याने वॉर्ड केले. फ्रीमाँटने केले, जिथे आपले अर्धे मित्र राहतात. यात वकिलांनी धंदा मांडलाय अशी ओरडही बरीच झाली, आणि ती अगदीच खोटी नाही, पण माझं म्हणणं असं की पैशाची भीती नसती तर एकाही कौन्सिलने आपली खुर्ची ज्या पद्धतीने मिळाली ती पद्धत आपण होऊन बदलली नसती.

सांता क्लाराला पत्र आलं होतं २०११लाच. सॅन होजेच्या एशियन लॉ अलायन्स या संस्थेने लेखी कळवलं होतं की तुमची पद्धत या कायद्यात बसत नाही. मग काय, समिती बसली, चर्चा झाल्या, फाइल फिरत राहिली (ही वाक्यं मराठीत लिहायला किती सोपी जातात). शेवटी २०१७ संपता संपता काही रहिवाशांनी केस टाकली, ती पुढे युमोरी-काकू विरुद्ध सिटी ऑफ सांता क्लारा या नावाने ओळखली गेली. काकू हे जपानी आडनाव आहे, आपल्या काकू नव्हेत, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा बघितलं.

केस सुरू असताना शहराने एक मधला मार्ग काढून बघितला. दोन मोठे डिस्ट्रिक्ट (म्हणजे वॉर्डच, जिल्हे नव्हेत), प्रत्येकात तीन तीन मेंबर आणि पसंतीक्रमाने मतदान, म्हणजे आपल्या विधान परिषदेच्या निवडणुकीत १, २, ३ लिहितात तसं. जून २०१८ला हा प्रस्ताव मेजर ए म्हणून लोकांपुढे ठेवला आणि लोकांनी पाडला. थोडक्यात पडला, पण पडला. हा प्रस्ताव मला स्वतःला तेवढा वाईट वाटला नव्हता, तीन जागा आणि पसंतीक्रम असेल तर एक चतुर्थांशापेक्षा थोडी जास्त मतं असलेला गट एक जागा काढू शकतो, गणित बरोबर आहे. पण लोकांना समजावता आलं नाही.

आता खरी मजा कोर्टातली. मतदान गुप्त असतं, मग आशियाई लोकांनी कोणाला मत दिलं आणि गोऱ्यांनी कोणाला, हे कोर्टात सिद्ध कसं करणार? इथे मला आपल्या गावाकडची निवडणूक आठवते. निकालानंतर बूथनिहाय आकडे आले की कट्ट्यावर बसलेला कुठलाही कार्यकर्ता सांगतो, वरच्या आळीत आपल्याला इतकी पडली, स्टेशनच्या बाजूला फुटली, अमुक वस्तीने शब्द पाळला नाही. कोणाची मतपत्रिका कोणी बघितलेली नसते. बूथ माहिती, बूथवर कोण राहतं ते माहिती, बाकी जुळवून घेतलं. कोर्टात हेच चालतं, फक्त त्याला संख्याशास्त्राचं भारी नाव आणि दोन्हीकडून प्रोफेसर. ज्या बूथमध्ये आशियाई मतदार जास्त तिथे अमुक उमेदवाराची मतं वाढतात का, जिथे गोरे जास्त तिथे घटतात का, सगळ्या बूथचे ठिपके काढून त्यातून अंदाज बांधायचा. सांता क्लाराच्या केसमध्ये केस करणाऱ्यांच्या बाजूने जे. मॉर्गन काउसर हे इतिहासकार होते, शहराच्या बाजूने जेफ्री लुईस हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक.

या पद्धतीत चुकीला जागा असतेच. बूथ छोटे असले, वस्ती मिसळलेली असली की अंदाजाचा पट्टा रुंद होतो, ३० टक्के की ७० टक्के काही सांगता येत नाही असंही होतं. आणि अशा केसेसमध्ये कधीकधी मतदार यादीतल्या आडनावांवरून वंश ओळखतात. मला तिथे नेहमी प्रश्न पडतो की आमच्या वसईचा फर्नांडिस किंवा मडगावचा डिसोझा कुठल्या रकान्यात जात असेल, बहुतेक मेक्सिकोच्या.

दुसरी गोष्ट, "आशियाई" हा एक गट धरायचा का? आमच्या बिल्डिंगमध्ये पंजाबी, तेलुगू, चिनी, व्हिएतनामी राहतात आणि लॉंड्री रूमच्या वेळेवरही त्यांचं एकमत होत नाही. भारतीयांचंच घ्या, मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाला मत देईल याची गॅरंटी कोण देणार. पण कोर्टाने विचारलं ते एवढंच की आकडे काय सांगतात, हे वेगवेगळे लोक कौन्सिलच्या निवडणुकीत एका उमेदवारामागे एकवटतात का. गट आहे की नाही हे नावावरून नाही, मतदानातून ठरवायचं. हा मुद्दा मला आधी पटला नव्हता, नंतर पटला.

तर २००२ ते २०१६मधल्या, आशियाई उमेदवार उभा होता अशा दहा कौन्सिल लढती तपासल्या. जज थॉमस कूनली यांना त्यातल्या पाचांत मतदान वांशिक गटांनुसार फाटलेलं दिसलं. दहापैकी पाच. आणि इथेच सगळं भांडण पेटलं, कारण कायद्याच्या व्याख्येत जुन्या केंद्रीय केसेसमधून एक शब्द आलाय, की बहुसंख्य गट अल्पसंख्याकांचा उमेदवार "सहसा" पाडतो असं दिसलं पाहिजे. शहराचं म्हणणं, पाच म्हणजे निम्मे, निम्म्याला सहसा म्हणतात का? सहसा म्हणजे निम्म्याहून जास्त. आता हे ऐकायला बरोबर वाटतं. माझी आई म्हणते "हा सहसा उशिराच येतो", तेव्हा तिने काही टक्केवारी काढलेली नसते, पण गंमत बाजूला, कोर्टाने काय धरलं बघा. उरलेल्या पाच लढती म्हणजे पाच वेळा सगळे गुण्यागोविंदाने एकत्र आले असं नव्हतं, आणि सगळ्या लढतींचं वजनही सारखं धरायचं नसतं. अलीकडची लढत जुन्यापेक्षा जास्त बोलते. नुसते हातावर मोजायचे पाच आणि दहा नाहीत, पॅटर्न बघायचा.

२०१८च्या उन्हाळ्यात निकाल शहराच्या विरुद्ध गेला. मग उपाय काय यावर वेगळी सुनावणी आणि ऑर्डर झाली की सहा डिस्ट्रिक्ट पाडा, प्रत्येकातून एक मेंबर, मेयर मात्र अख्ख्या शहराने निवडायचा, आणि हे याच नोव्हेंबरपासून लागू. म्हणजे हातात फक्त काही महिने. नकाशे आले, लोक आपलं घर कुठल्या नंबरात पडलं ते शोधायला लागले. काका मला फोनवर नकाशा दाखवत होते, "अरे आमच्या रस्त्याच्या मधोमधून रेघ गेलीय, समोरचे चिनी आजोबा आता दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये."

नोव्हेंबर २०१८ला दोन डिस्ट्रिक्टची निवडणूक होती. डिस्ट्रिक्ट २मधून राज चहल आले, मूळचे पंजाबचे. सनद झाल्यापासून कौन्सिलवर निवडून आलेला पहिला आशियाई वंशाचा माणूस. ६७ वर्षं आणि मग पद्धत बदलल्यावर पहिल्याच निवडणुकीत. यावरून पद्धतच अडवत होती असं म्हणायचा मोह होतो, पण एका निवडणुकीवरून एवढं मोठं विधान मी करणार नाही, उमेदवार चांगला असू शकतो, वारं बदललेलं असू शकतं. २०२०ला उरलेल्या चार डिस्ट्रिक्टमध्ये निवडणूक झाली, त्यात केविन पार्क आणि सुधांशू जैन आले, जैन यांना इथे सगळे सड्स म्हणतात. सहापैकी तीन आशियाई वंशाचे. आता मात्र हात थोडा सैल करून म्हणायला हरकत नाही.

मधल्या काळात शहराने हार मानली नव्हती. अपील केलंच, शिवाय मार्च २०२०ला मेजर सी नावाचा आणखी एक प्रस्ताव आणला, सहाऐवजी तीन डिस्ट्रिक्ट, प्रत्येकी दोन मेंबर. डिस्ट्रिक्ट मोठा केला की एका भागात जास्त असलेला गट पुन्हा पातळ होतो, हे सोसायटीच्या उदाहरणात विंगा जोडून बघा, लगेच कळेल. लोकांनी हाही पाडला. आणि ३० डिसेंबर २०२०ला अपील कोर्टाने खालच्या कोर्टाचा निकाल कायम केला. पाच-दहाचा मुद्दा फेटाळला. वंश बघून वॉर्ड पाडणं हे घटनेतल्या समान संरक्षणाच्या, म्हणजे कायद्यापुढे सगळे सारखे या, तत्त्वाविरुद्ध आहे हा मुद्दा फेटाळला. आमच्या शहराला स्वतःची सनद आहे, निवडणूक कशी घ्यायची ते आम्ही ठरवणार, हाही फेटाळला, कारण मतदानाचा समान हक्क हा अख्ख्या राज्याचा विषय आहे, एका शहराचा घरगुती मामला नाही. नव्या कौन्सिलने मग आणखी वर जायचं नाही असं ठरवलं आणि केस मिटली. फीपोटी शहराच्या तिजोरीतून काही मिलियन डॉलर गेले. २०११च्या पत्रावर हलले असते तर त्यातला बहुतेक पैसा वाचला असता, हे सांगायला वकील लागत नाही.

इथे केस कायद्याच्या दृष्टीने संपते, पण माझ्या दृष्टीने अडचणीचा भाग इथून पुढे आहे. २०२०च्या त्याच निवडणुकीत फॉर्टीनाइनर्सचे प्रमुख जेड यॉर्क यांनी आपल्या पसंतीच्या उमेदवारांसाठी जवळपास ३० लाख डॉलर ओतले. कौन्सिलच्या निवडणुकीत! स्टेडियम शहराच्या मालकीचं, टीमचं आणि शहराचं भाड्यावरून, हिशेबावरून भांडण चालू, त्यामुळे कौन्सिलवर कोण बसतं याला महत्त्व. आणि पार्क, जैन दोघंही त्या पसंतीच्या यादीत होते. म्हणजे विरोधकांना आयतं मिळालं, बघा, वॉर्ड केले आणि वॉर्ड विकत गेले, वीस-बावीस हजार वस्तीच्या डिस्ट्रिक्टमध्ये घरोघर पाच पाच चकचकीत पत्रकं टाकायला किती पैसे लागतात. यात तथ्य आहे. छोट्या मतदारसंघात पैसा जास्त दिसतो हे आपल्याला नगरसेवकाच्या निवडणुकीत कोणी शिकवायला नको. पण उलट बाजूही आहे, अख्ख्या शहरात प्रचार करायला आधीही पैसेच लागत होते, फक्त ते इतके लागत होते की साधा माणूस उभाच राहत नव्हता. आणि मुळात हा कायदा चांगला उमेदवार निवडून द्यायचं वचन देत नाही. तुमच्या गटाला जो हवा तो निवडून यायची वाट मोकळी असावी, एवढंच. तो पुढे कसा निघतो हे ज्याचं त्याने बघायचं.

तसं कॅलिफोर्नियातही कायद्याचा अर्थ अजून पक्का होतोच आहे. सांता मोनिका शहराच्या केसमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ला सांगितलं की नुसतं मतदान फाटलंय हे दाखवून भागणार नाही, दुसऱ्या एखाद्या कायदेशीर पद्धतीत तुमच्या गटाला, थोड्या इतरांच्या मदतीने का होईना, आपला उमेदवार आणता आला असता हेही दाखवा. मात्र त्यासाठी एका वॉर्डात तुमचं बहुमत होण्याची गरज नाही, आणि ती दुसरी पद्धत वॉर्डचीच असली पाहिजे असंही नाही, पसंतीक्रमाचं मतदान पण चालेल. म्हणजे मेजर ए सारख्या गोष्टीला पुन्हा दार उघडं. बाकी राज्यांनीही हा धागा उचललाय, वॉशिंग्टन २०१८, ओरेगॉन २०१९, व्हर्जिनिया २०२१, न्यूयॉर्क २०२२, कनेक्टिकट २०२३, मिनेसोटा २०२४. न्यूयॉर्कचा तर जास्तच कडक, तिथे काही शहरांना निवडणुकीचे नियम बदलायच्या आधी परवानगी घ्यावी लागते. केंद्रीय कायद्यातली अशीच परवानगीची तरतूद सुप्रीम कोर्टाने २०१३च्या शेल्बी काउंटी केसमध्ये निकामी केली होती, ती राज्याने आपल्या पातळीवर परत आणली.

आता आरक्षणाचा फरक, वर म्हटलं होतं तो. आपल्याकडे महापालिकेत अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, महिला यांच्या जागा राखीव असतात, त्यामुळे प्रभाग केवढाही असला तरी त्या त्या गटाचा माणूस सभागृहात दिसतो. अमेरिकेत राखीव जागा हा प्रकार नाही आणि कोर्ट तो करूही देणार नाही, म्हणून तिथे सगळी लढाई नकाशावर येते. पण आपल्याकडेही आरक्षणाने सगळं सुटत नाही ना. राखीव जागेवर निवडून कोण येतो हे चार सदस्यांच्या प्रभागात अख्खा प्रभाग ठरवतो, त्यामुळे त्या समाजाला जो हवा असतो तोच येईल असं नाही, पॅनेलला चालणारा येतो. पुण्यात २०१२ला दोनचा प्रभाग होता, २०१७ला चारचा, मग महाविकास आघाडीने तीनचा ठरवला, सरकार बदललं तसा पुन्हा चारचा, आणि मुंबईत कायम एकचाच वॉर्ड. प्रत्येक वेळी कारण काहीतरी विकासाचं सांगतात. सांता क्लारात मेजर सी आणला तेव्हा मला हेच आठवलं, फरक इतकाच की इथे ते लोकांच्या मताला टाकावं लागलं आणि दोन्ही वेळा लोकांनी नको म्हटलं.

काकांना मी विचारलं, आता तरी खूश का. काका म्हणाले, "खूश कसला, आधी सहा जणांना मी मत द्यायचो, आता चार वर्षांत एकदा एकालाच देतो. लायब्ररी दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये, मी रोज तिथे जातो, पण तिथल्या मेंबरला माझं मत लागत नाही, मग तो माझं कशाला ऐकेल?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वॉर्डची किंमत ती आहेच, आणि ज्यांनी आधीच्या पद्धतीत कधीच कोणाला निवडून आणलं नाही त्यांना ती कमी वाटते, एवढंच मी म्हणालो. काकू आतून म्हणाल्या, "त्यांचं काही ऐकू नकोस रे, परवा तो उमेदवार दारात आला होता तर वीस मिनिटं सोडला नाही त्याला, सिग्नलचं सांगत बसले होते." काका म्हणाले सिग्नल अजून झालेला नाही.